भोक नसलेला चेंडू उलटा कसा करायचा?

रंगीत टी-शर्ट उन्हात वाळत घालताना आपण तो उलटा करतो. हात आत घालायचा, कड धरायची, ओढायचं. शिवणी बाहेर आल्या, सुलटी बाजू आत गेली, काम झालं. यात डोकं लावण्यासारखं काही नाही, कारण टी-शर्टला भोकं आहेत: गळा, दोन बाह्या, खालचं तोंड. यांतल्या कुठल्याही तोंडातून सगळं कापड बाहेर ओढून काढता येतं.

आता त्याच कापडाचा चेंडू शिवा, सगळीकडून बंद. बाहेरून तांबडा, आतून निळा. न कापता, न उसवता तो असा उलटवा की निळी बाजू बाहेर येईल.

खरा चेंडू, मग तो कापडाचा असो की रबराचा, असा उलटणार नाही. पण एक-दोन नियम बदलून हाच प्रश्न गणितात विचारता येतो, आणि तिथे त्याचं उत्तर 'हो, येतो' असं आहे. हे उत्तर १९५७ साली सापडलं. तेव्हा ते अनेक गणितज्ञांना पटलं नव्हतं. पटलं त्यांनाही ते कसं होतं हे कित्येक वर्षं डोळ्यांसमोर आणता येत नव्हतं.

आतलं बाहेर आणि बाहेरचं आत करण्याच्या या क्रियेला गणितात एव्हर्शन म्हणतात. शब्द गणिताचा एकट्याचा नाही. डोळ्यांचे डॉक्टर खुपऱ्या तपासताना वरची पापणी उलटवून तिची आतली बाजू बघतात, ते एव्हर्शन. हाडांचे डॉक्टर मात्र घोट्यापासून तळवा बाहेरच्या बाजूला वळण्यालाही एव्हर्शनच म्हणतात, जिथे आतलं काहीच बाहेर येत नाही. तारामासा शिंपल्याची दोन पाखं हातांनी किंचित फाकवतो आणि स्वतःचं पोट तोंडातून बाहेर काढून त्या फटीत सरकवतो. मांस तिथेच पचवायचं आणि पोट परत आत घ्यायचं. व्हॉल्व्हॉक्स नावाचं गोड्या पाण्यातलं सूक्ष्म हिरवं शेवाळ तर याहून पुढे जातं. त्याच्या पिल्लाच्या गोळ्यात सुरुवातीला पेशींची शेपटीकडची टोकं आतल्या बाजूला असतात. अशा अवस्थेत पोहणं शक्यच नाही. मग तो अख्खा गोळा एका छोट्या फटीतून स्वतःला उलटवतो, शेपट्या बाहेर येतात आणि तो पोहायला लागतो. जीवशास्त्रज्ञ याला इन्व्हर्शन म्हणतात. नाव वेगळं असलं तरी क्रिया तीच.

इंजिनियरांनीही हे उचललं आहे. १९७१ साली लंडनमध्ये एरिक वूड या गृहस्थाने गळकं भुयारी गटार रस्ता न खणता दुरुस्त केलं. त्यातून पुढे रूढ झालेली रीत अशी: राळेत भिजवलेल्या जाड कापडी नळीचं एक टोक गटाराच्या तोंडाशी उलटवून बसवायचं आणि पाण्याच्या दाबाने उरलेली नळी आतून पुढे पुढे उलटवत न्यायची. नळी उलटत जाते तशी राळेची बाजू जुन्या पाइपाला जाऊन चिकटते. राळ कडक झाली की जुन्या पाइपाच्या आत नवा पाइप तयार. २०१७ साली स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी वेलीसारखा 'वाढणारा' रोबो दाखवला, त्यातही हीच युक्ती आहे. पातळ प्लॅस्टिकची नळी स्वतःच्या आतच खोचलेली असते. हवा भरली की आतला भाग टोकाशी येऊन उलटतो आणि नळी लांबते. यातली गंमत अशी की बाहेर आलेली भिंत आजूबाजूच्या कशालाही घासत नाही. ती जिथे उमलली तिथेच राहते, फक्त टोक पुढे जातं. त्यामुळे हा रोबो चिकट कागदांच्या मधूनही निघून जातो.

घोट्याचं सोडलं तर यातल्या प्रत्येक ठिकाणी उलटायला एक वाट आहे: फट, तोंड किंवा कड. बंद चेंडूला ती नाही. म्हणून खरा पेच तिथे आहे.

गणितातल्या चेंडूसाठी नियम तीन. कुठेही फाडायचं नाही, भोक पाडायचं नाही. कुठेही घडी पडून टोकदार धार येऊ द्यायची नाही, म्हणजे पृष्ठभागाचा कुठलाही बिंदू भिंगाखाली धरला तर आसपास सपाटच दिसला पाहिजे, आणि तोही प्रत्येक क्षणी. तिसरा नियम सवलतीचा आहे: पृष्ठभाग स्वतःच्याच आरपार जाऊ शकतो.

ही तिसरी सवलत ऐकली की लोक वैतागतात. 'मग राहिलं काय? भुतासारखं आरपार जायचं असेल तर कुणीही उलटवेल!' प्रयत्न करून बघा. चेंडूचा उत्तर ध्रुव खाली ढकला, दक्षिण ध्रुव वर ढकला, दोघांना एकमेकांतून पार होऊ द्या. वर निळा घुमट दिसायला लागतो, खालीही निळा. अर्धं काम झालं असं वाटतं. पण विषुववृत्ताभोवती एक तांबडं कडं उरलेलं असतं, फुगीर, गोल वळलेलं. निळे भाग आणखी बाहेर ओढले की ते कडं बारीक होत जातं, आणि शेवटच्या क्षणी ते नाहीसं व्हायचं तर त्याची धारदार घडी झाल्याशिवाय गत्यंतर नाही. दुसरा नियम मोडला. आरपार जाण्याची मुभा असूनही हे सहजी का जमत नाही, ते या कड्यात आहे.

आधी एक पायरी खाली उतरू या. चेंडूऐवजी कागदावरचं वर्तुळ घ्या. बाहेरच्या बाजूने तांबडं, आतून निळं. नियम तेच: रेघ स्वतःला छेदू शकते, पण तुटायची नाही आणि तिला टोक यायचं नाही. कागदावरून न उचलता हे वर्तुळ उलटवता येईल का?

येत नाही, आणि का येत नाही हे मोजूनच कळतं. रेघेवर अशा जागा शोधा जिथे ती आडवी आहे आणि तिची तांबडी बाजू आकाशाकडे आहे. अशी जागा एकतर शिखर असते, म्हणजे दोन्हीकडे उतार, नाहीतर खळगा असते, म्हणजे दोन्हीकडे चढ. शिखराला अधिक एक द्या, खळग्याला उणे एक. साध्या वर्तुळात बेरीज किती? वरच्या टोकाला तांबडी बाजू आकाशाकडे आहे, ते शिखर. खालच्या टोकाला तांबडी बाजू जमिनीकडे आहे, ते मोजायचं नाही. बेरीज अधिक एक.

आता रेघ हवी तशी वाकवा. उतारावर नवा उंचवटा काढला तर त्याच्यामागे खळगाही तयार होतोच, एकटा उंचवटा होत नाही. शिखर आणि खळगा जोडीने जन्मतात, मिटतात तेही जोडीने. एक अधिक, एक उणे, बेरीज तीच. म्हणजे काहीही केलं तरी आकडा अधिक एकच राहणार. आणि उलटलेल्या वर्तुळाचं काय? तिथे तांबडी बाजू आत आहे, म्हणून ती आकाशाकडे बघते ती फक्त तळाशी, आणि तळ हा खळगा. बेरीज उणे एक. अधिक एकवरून उणे एकवर जायला वाटच नाही. हाच हिशेब वळणांच्या भाषेत मांडून हॅस्लर व्हिटनी याने १९३७ साली छापला. मूळ कल्पनेचं श्रेय त्याने ग्रॉस्टाइनला दिलं, म्हणून ते प्रमेय दोघांच्या नावाने ओळखलं जातं.

वर्तुळ जमत नाही, तर चेंडू कसा जमेल? साधा अंदाज हाच. मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. केलेल्या स्टीफन स्मेलने आपण चेंडू उलटवता येतो असं सिद्ध केल्याचं सांगितलं, तेव्हा त्याचे मार्गदर्शक राउल बॉट हे उघडच चूक आहे म्हणाले. बॉट हे काही लहान नाव नव्हतं. त्यांच्याही मनात असाच एक न बदलणारा आकडा होता. वर्तुळाच्या बाबतीत तो अडवतो, मग चेंडूच्या बाबतीतही अडवणारच, असा त्यांचा तर्क.

तर तोच हिशेब चेंडूवर लावू. आता पृष्ठभाग आहे, रेघ नाही, म्हणून सपाट जागांचे प्रकार दोन नाहीत, तीन आहेत. शिखर, खळगा आणि खिंड. खिंड म्हणजे काय हे सह्याद्रीत भटकणाऱ्याला सांगायला नको. डाव्या-उजव्या हाताला चढ, पुढे-मागे उतार, आणि मध्ये एक सपाट बिंदू जिथे उभं राहून माणूस घाम पुसतो.

आता डोंगरउतारावर एक नवं टेकाड उगवलं अशी कल्पना करा. टेकाडाचा माथा हे नवं शिखर. पण टेकाड आणि मागचा मोठा डोंगर यांच्यामध्ये खिंड तयार झालीच. शिखर एकटं आलं नाही, खिंड घेऊन आलं. उतारावर खड्डा पडला तर? खड्ड्याचा तळ हा नवा खळगा, आणि खड्डा पाण्याने भरला तर पाणी जिथून सांडेल ती त्याची खिंड. खळगाही खिंड घेऊनच येतो. म्हणजे बेरीज कायम ठेवायची असेल तर खिंडीला उणे एक द्यावं लागेल आणि शिखराला अधिक एक. खळग्यालासुद्धा अधिक एकच. रेघेवर शिखर आणि खळगा एकमेकांचे वैरी होते. पृष्ठभागावर ते एकाच बाजूला आले, कारण खिंड आता दोघांचीही जोडीदार आहे.

(हा हिशेब फार जुना आहे. जेम्स क्लर्क मॅक्सवेलने १८७० साली डोंगर-दऱ्यांवर एक छोटा लेख लिहिला होता. पृथ्वीच्या अख्ख्या गोलावर शिखरं अधिक खळगे वजा खिंडी केलं की उत्तर दोनच येतं, हे त्यात आहे. विजेचे नियम लिहिणारा माणूस टेकड्याही मोजतो, याचं मला नेहमी कौतुक वाटतं.)

आता चेंडू. तांबडी बाजू बाहेर असताना तांबडा आकाशाकडे बघतो ती जागा म्हणजे माथा. शिखर, अधिक एक. उलटलेल्या चेंडूत तांबडी बाजू आत आहे, ती आकाशाकडे बघते ती जागा म्हणजे तळ. खळगा, अधिक एक. दोन्हीकडे आकडा सारखाच! वर्तुळाच्या वाटेत जो अडसर होता तो चेंडूच्या वाटेत नाहीच. बॉट यांना वाटलं होतं की आकड्याचं चिन्ह बदलेल. ते बदलत नाही. खरं सांगायचं तर या सगळ्या विषयात मला सर्वांत आवडणारी जागा हीच आहे. एक परिमाण वाढलं आणि खळग्याचं चिन्ह फिरलं, बस.

अडसर नाही म्हणजे वाट आहेच असं मात्र नाही. वाट आहे हे स्मेलने सिद्ध केलं, आणि ते बरंच सर्वसाधारण रूपात: चेंडूचे वरच्या नियमांत बसणारे जेवढे म्हणून आकार आहेत, त्यांतल्या कुठल्याही एकापासून दुसऱ्या कुठल्याहीपर्यंत जाता येतं. उलटलेला चेंडू हा त्यांतलाच एक आकार, म्हणून तिथेही जाता येतं. हा निबंध १९५९ साली अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या 'ट्रान्झॅक्शन्स'मध्ये छापून आला. नंतर लोक याला 'स्मेलचा विरोधाभास' म्हणायला लागले. नाव फसवं आहे, कारण यात विरोध कशाचाच कशाशी नाही, फक्त आपल्या अंदाजाला धक्का बसतो. स्मेलला १९६६ साली गणितातलं मानाचं फील्ड्स पदक मिळालं ते दुसऱ्याच कामासाठी.

पण वाट दिसते कशी? सिद्धतेत ती नव्हती. म्हणजे तत्त्वतः पायऱ्या होत्या, पण त्या धरून चित्र काढायला बसलेल्या माणसाच्या हाती काही लागत नव्हतं. पहिली खरोखरची रीत आर्नल्ड शपीरोने १९६१च्या सुमारास शोधली. त्याने ती छापली नाही, फक्त काही जणांना सांगितली. त्यांतला एक बर्नार मोरँ. मग १९६६च्या मे महिन्यात अँथनी फिलिप्सने 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये एक लेख लिहिला आणि त्यात उलटण्याच्या अवस्थांची चित्रं दिली. पृष्ठभागाचे आडवे काप काढून, एकेक रिबीन सुटी करून दाखवलेली. सर्वसामान्य वाचकाने ही गोष्ट पहिल्यांदा पाहिली ती तिथे.

मोरँ १९३१ साली शांघायमध्ये जन्मला. काचबिंदूने सहाव्या वर्षापर्यंत त्याची दृष्टी गेली. पुढे तो स्ट्रासबर्गला गणित शिकवत असे. चेंडूच्या मधल्या अवस्था तो मातीच्या नमुन्यांत घडवायचा आणि बोटांनी चाचपून समजावून द्यायचा. याची गोष्ट सांगताना लोक 'डोळसांना जे दिसलं नाही ते आंधळ्याला दिसलं' छापाचं काहीतरी म्हणतात. मला ते फार गोड वाटतं आणि थोडं चुकीचंही. या प्रश्नात डोळा खरोखरच अडचण करतो. स्वतःतून चारदा आरपार गेलेल्या पृष्ठभागाकडे पाहिलं तर सगळ्यांत बाहेरचा पापुद्रा दिसतो आणि आतलं सगळं झाकलं जातं. काय चाललंय ते आतच चाललेलं असतं. हाताने विचार करणाऱ्याला आत-बाहेर एकदमच धरावं लागतं.

मोरँचं मोठं काम म्हणजे बरोब्बर मध्यावरचा आकार. सगळा प्रवास सोडवत बसण्यापेक्षा निम्म्यावरचा असा मुक्काम शोधायचा जिथे तांबडं आणि निळं यांच्यात भेदभावच उरलेला नाही. आज मोरँ पृष्ठभाग म्हणून ओळखला जाणारा आकार चार पाकळ्यांचा आहे. वरून पाहिलं तर दोन पाकळ्यांवर तांबडं दिसतं आणि मधल्या दोन पाकळ्यांवर निळं. तो काटकोनात, म्हणजे पाव फेरा, फिरवला की आकार हुबेहूब तोच राहतो, पण रंगांची अदलाबदल होते. आता गंमत बघा. साध्या चेंडूपासून या आकारापर्यंत पोहोचण्याची रीत हातात असेल तर उरलेलं अर्धं काम करावंच लागत नाही. पाव फेरा फिरवा आणि आलेल्या वाटेने मागे जा. पोहोचाल तो चेंडू असेल, पण निळा. याच सुमारास मार्सेल फ्रवासार या भौतिकशास्त्रज्ञाने ही वाट आणखी सोपी केली.

बर्कलेला चार्ल्स प्यू याने या अवस्थांचे तारेच्या जाळीचे मोठे नमुने बनवले. नेल्सन मॅक्सने त्या जाळीच्या बिंदूंची मापं घेऊन ती संगणकात भरली आणि १९७६ साली त्यातून एक फिल्म तयार केली. त्या काळात असं चलच्चित्र म्हणजे प्रत्येक चौकट महाग. नंतर ते तारेचे नमुने बर्कलेतून चोरीला गेले. चोराने त्यांचं काय केलं असेल?

ज्याला चित्र समोर नसताना, नुसत्या डोक्यात ही गोष्ट धरायची आहे त्याने मोरँच्या वाटेने जाऊ नये, असं माझं मत आहे. त्याच्यासाठी विल्यम थर्स्टनने १९७४ साली सुचवलेली वाट बरी. ती समजायला पँटचा चामडी पट्टा लागतो. मिळाला तर हातात घ्याच, वाचून हे अर्धंच कळतं.

पट्ट्याची दोन टोकं दोन हातांत धरा आणि मध्ये एक वेढा घाला, टोकं मात्र गरागरा फिरू देऊ नका. आता टोकं सावकाश लांब ओढा. वेढा लहान लहान होत जातो आणि नाहीसा होतो. पण पट्ट्याला एक पूर्ण पीळ बसलेला असतो. टोकं जवळ आणा, पीळ जाऊन पुन्हा वेढा. वेढा आणि पीळ ही एकाच वस्तूची दोन रूपं आहेत, आणि एकातून दुसऱ्यात जाताना कुठेही घडी पडत नाही. शिवाय पीळ घालवायला काय लागतं? एक टोक धरून उलटा फिरवायचं. संपला.

आता विषुववृत्ताभोवतीचं ते हट्टी तांबडं कडं आठवा. ध्रुव एकमेकांतून पार गेल्यावर चेंडूवरच्या उत्तर-दक्षिण जाणाऱ्या प्रत्येक पट्टीत बरोबर असाच एक वेढा पडलेला असतो. सगळ्या पट्ट्यांचे वेढे ओळीने लागून कडं बनतं. थर्स्टनची युक्ती अशी की दोन्ही ध्रुवांवरच्या टोप्या विरुद्ध दिशांना पिळायच्या. म्हणजे एकेका पट्टीचा वेढा पिळात जिरतो आणि पीळ टोप्यांच्या फिरण्यात सुटतो. पट्ट्या सरळ होतात त्या निळी बाजू बाहेर घेऊन.

अडचण एकच. पट्ट्या सुट्या नाहीत, शेजारच्या पट्टीला चिकटलेल्या आहेत. प्रत्येक पट्टी आपापली वळायला लागली तर मधला भाग ताणला जाईल, कुठेतरी घडी पडेल. म्हणून सुरुवातीलाच चेंडूला उभ्या लाटा पाडून घ्यायच्या. ध्रुवांवर सपाट, मध्ये नागमोडी. लाटांमध्ये एवढी ढील असते की प्रत्येक पट्टी शेजारणीची पर्वा न करता वळू शकते. शेवटी लाटा पुन्हा सपाट केल्या की समोर निळा चेंडू. १९९४ साली मिनेसोटा विद्यापीठातल्या जॉमेट्री सेंटरने या रीतीवर फिल्म केली, ती अजूनही इंटरनेटवर लोक हौसेने बघतात. बघणार असाल तर एक सूचना. अख्खा चेंडू बघू नका, एका पट्टीवर नजर ठेवा आणि तीच शेवटपर्यंत सोडू नका.

वर्तुळ का जमलं नव्हतं, हेही आता दुसऱ्या बाजूने दिसतं. कागदावरच्या रेघेत वेढा पडला तर त्याला पीळ व्हायला जागाच नाही. पीळ व्हायला तिसरी दिशा लागते, कागदाला ती नाही.

एवढं सगळं झाल्यावर साहजिकच प्रश्न येतो की याहून सोपी वाट असेल का. याचं अंशतः उत्तर आहे. १९८१ साली नेल्सन मॅक्स आणि थॉमस बँचॉफ यांनी दाखवलं की चेंडू उलटवण्याची कुठलीही रीत घ्या, वाटेत एक क्षण असा येणारच जेव्हा पृष्ठभागाचे चार थर एकाच बिंदूतून जातात. तीन थरांवर भागत नाही.

या चार थरांची किंमतही मोजता येते. पत्रा वाकवायला जशी ताकद लागते तशी वाकण्याची एक ऊर्जा प्रत्येक पृष्ठभागाला जोडता येते. गोल चेंडूची ती सर्वांत कमी. आणि जिथे चार थर एका बिंदूत भेटतात तिथे ती गोल चेंडूच्या निदान चौपट असावीच लागते, असं पीटर ली आणि शिंग-तुंग याउ यांच्या कामातून निघतं. म्हणजे उलटण्याच्या प्रत्येक वाटेत एक चढ आहे आणि तो चौपट उंचीचा आहे. याहून बुटकी खिंड कुठे नाही. मोरँच्या आकाराचं एक रूप बरोबर त्या उंचीवर बसतं. १९९८ साली इलिनॉयमधल्या जॉन सलिव्हन, जॉर्ज फ्रान्सिस आणि स्टुअर्ट लेव्ही यांनी संगणकात चेंडू त्या माथ्यावर ठेवला, किंचित ढकलला आणि तो आपोआप घरंगळत गोल होईपर्यंत सोडून दिला. एका बाजूला घरंगळला तर तांबडा चेंडू, दुसऱ्या बाजूला निळा. दोन्ही उतार जोडले की उलटण्याची पूर्ण वाट. मला विचाराल तर आजवरची सर्वांत देखणी रीत हीच. समजायला मात्र थर्स्टनचीच सोपी.

याचा उपयोग काय, हे विचारणारा कुणीतरी असतोच. गटाराच्या पाइपाला किंवा रोबोला स्मेलचं प्रमेय लागत नाही, तिथे तोंड उघडंच असतं. पण लाटा पाडून ढील मिळवण्याची कल्पना इतरत्रही सापडते. १९५४-५५ साली जॉन नॅश आणि निकोलास काइपर यांच्या कामातून याच जातीच्या युक्तीने दिसलं होतं की सपाट कागद, त्यावरचं एकही अंतर न ताणता, टायरच्या आकारात बंद करता येतो. अट एवढीच की त्यावर लाटा, लाटांवर लाटा, त्यांवर आणखी बारीक लाटा अशा अनंत पाडायच्या. ही गोष्टसुद्धा कित्येक दशकं नुसती सिद्धतेतच होती. तिचं पहिलं चित्र २०१२ साली फ्रान्समधल्या गणितज्ञांनी संगणकावर काढलं.

मग चेंडूचेच वरच्या परिमाणांतले भाईबंद? वर्तुळ हा एक-परिमाणी गोल, तो उलटत नाही. चेंडूचा पृष्ठभाग द्वि-परिमाणी, तो उलटतो. तीन, चार, पाच परिमाणांचे गोल उलटत नाहीत. सहा परिमाणांचा पुन्हा उलटतो. त्यापुढे एकही नाही. सहा परिमाणांच्या गोलाची मधली अवस्था अजून कुणी मातीत घडवलेली नाही.

घरी करून बघण्यासारखी एक गोष्ट राहिली. चेंडूऐवजी टायरचा आकार घ्या, त्याला एक छोटं भोक ठेवा, आणि या वेळी आरपार जायची सवलत नको. जुन्या पँटच्या पायाचा सरळ तुकडा कापा, दोन्ही टोकं एकमेकांना जोडून कडं शिवा आणि एका ठिकाणी चार बोटांची चीर ठेवा. शिवण्याआधी कापडाच्या दोन्ही बाजूंवर नळीच्या लांबीने जाणाऱ्या रेघा स्केचपेनने ओढून घ्या. मग चिरेतून सगळं कापड बाहेर ओढा. हाताला पुन्हा टायरचाच आकार लागतो, फक्त थोडा वेडावाकडा. पण रेघा पाहा. आधी त्या कड्याला लांबून फेरी मारत होत्या, आता नळीभोवती आखूड फेरी मारतात.